ओरडा मिळाला, कारण नाही मिळालं

वाचकांचे प्रश्न : हॉटेलातली पहिली नोकरी

महाबळेश्वर-पाचगणीचा सीझन, महामार्गावरची सातारा-कराडची हॉटेलं, पेशंटच्या नातेवाइकांनी भरलेली मिरजेची लॉजं. सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत पहिला पगार हाऊसकीपिंगमध्ये घेतलेली माणसं गावोगाव भेटतात. त्या वेळी विचारायचं राहून गेलेलं आता विचारा, असं आवाहन आम्ही केलं होतं. बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे : काय करायचं ते सांगितलं, का करायचं ते कुणी सांगितलं नाही. खोल्यांचं काम शिकवणाऱ्यांनी आणि लाँड्रीतल्या जाणकारांनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत.

बारावीनंतर पाचगणीच्या एका हॉटेलात लागले. रोज चौदा खोल्या वाट्याला यायच्या. बाथरूमचं काम नकोसं, म्हणून मी ते आधी उरकून टाकायचे. मॅडम मात्र ‘आधी बेड, आधी बेड’ म्हणून मागे लागायच्या. शेवटी सगळंच करायचं असताना आधी काय नि नंतर काय, फरक काय पडतो?
– एक वाचक, वाई

आधी हिशेब मांडू. चेकआउटची खोली नीट करायला 30 ते 45 मिनिटं लागतात, पाहुणा राहत असलेल्या खोलीला 15 ते 20. तुमच्या चौदापैकी सात चेकआउट धरा, प्रत्येकी 35 मिनिटं. उरलेल्या सात, प्रत्येकी 18. बेरीज 371 मिनिटं. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवणाचा अर्धा तास आणि ट्रॉली भरण्या-आवरण्याचा अर्धा तास वजा केला की हातात 420 उरतात. म्हणजे दिवसभरात मोकळी मिनिटं 49. एकेका खोलीत चार मिनिटं जास्त गेली की तीही संपली, आणि संध्याकाळची एसटी चुकली.

ही चार मिनिटं क्रमात वाचतात. चादरी-अभ्रे काढताना आणि नवी चादर टाकताना धूळ, केस, कापडाचे तंतू उडतात आणि दहा-पंधरा मिनिटं खाली बसत राहतात. आधी टेबल-टीव्ही पुसून ठेवला तर तो पुन्हा पुसायचा. बाथरूम आधी केली तर तिथली ओल पायांना लागून खोलीभर उमटते, शिवाय कमोड घासून आलेले हात उशीच्या अभ्र्याला लागतात. हातमोजे बदलले तरी बाह्यांचं काय?

बाथरूमला मात्र सुरुवातीलाच एक धावती भेट द्यायची असते. कमोड फ्लश करा, कडेच्या आतून क्लीनर सोडा आणि बाहेर या. त्याला डाग सोडवायला दहा मिनिटं हवी असतात. तुम्ही बेड करत असताना ते आपलं काम करतं. हे न करता ऐनवेळी ओतून लगेच ब्रश मारला, तर रसायनाचं काम मनगटाला करावं लागतं.

बाकीचा क्रम असा. दार बोटांच्या पेरांनी वाजवायचं, किल्लीने नाही. पॉलिशवर टोचे पडतात. ‘हाऊसकीपिंग’ म्हणून दहा सेकंद थांबायचं, असं तीनदा. आत गेल्यावर पडदे-खिडक्या उघडा, दिवे लावून बघा, फुटलंतुटलं आणि राहिलेलं सामान बघा. मग कचरा, मग बेड. पुसायला दारापासून सुरुवात करून एकाच दिशेने भिंतीभिंतीने फिरा, वरून खाली. फिरून परत दाराशी आलात की काहीच सुटलेलं नसतं. बाथरूममध्ये आरसा, बेसिन, शॉवर, कमोड आणि शेवटी फरशी, मागे सरकत दारापर्यंत. फरशीवर पाणी मारण्याआधी केस ओलसर टिश्यूने उचलून घ्या. ओल्या फरशीवर केस चिकटतो, मॉप त्याला फक्त जागा बदलायला लावतो. आणि पाहुणा सगळं माफ करेल, बाथरूममधला दुसऱ्याचा केस नाही.

मॅडमच्या हट्टामागे आणखी एक गोष्ट असावी. सीझनला पाहुणे खोलीची वाट बघत लॉबीत बसलेले असतात. कुणी डोकावलंच, तर घातलेला बेड दिसला की खोली ‘होत आलीय’ असं वाटतं. उघडी गादी दिसली की रिसेप्शनला आवाज चढतो.

माझ्या बेडच्या चादरीचे कोपरे रात्रीत सुटायचे. बोलणी मला बसायची. कंबरही तेव्हापासूनच धरते. माझं नेमकं काय चुकत होतं?
– एक वाचक, कराड

बरंचसं बहुधा चादरीचं चुकत होतं. गादी 72 बाय 78 इंच, जाडी 8 इंच धरा. रुंदीला 72, दोन्ही बाजूंची जाडी 16 आणि गादीखाली खोचायला प्रत्येकी किमान 6, म्हणजे 12. एकूण 100 इंच. लांबीला त्याच हिशेबाने 106. सुती कापड सुरुवातीच्या धुण्यांत 3 ते 5 टक्के आटतं, म्हणून खरेदी साधारण 105 बाय 111 ची हवी. बाजारात सर्रास मिळणारी चादर 90 बाय 108 ची. तिची लांबी भागते, पण रुंदीला दोन्ही बाजूंना खाली जायला जेमतेम एकेक इंच उरतो. पाहुण्याने कूस बदलली की चादर वर. त्यात तुमचा हात कितीही सफाईदार असला तरी उपयोग नाही.

चादर पुरेशी असेल तर कोपरा असा घाला. मधली घडी गादीच्या मध्यावर आणा. आधी डोक्याकडची आणि पायाकडची बाजू सपाट खोचा. आता कोपऱ्यापासून एक फूट अंतरावर लोंबती कड धरा आणि वर उचलून गादीवर ठेवा. गादीवर त्रिकोण दिसेल. खाली लोंबत राहिलेला तुकडा आत खोचा. मग एका हाताने गादीच्या कडेला दाब देऊन ठेवत त्रिकोण खाली ओढा आणि तोही खोचा. घडी 45 अंशांत तिरकी पडायला हवी. ती सरळ उभी पडली तर कड फार जवळून धरली होती, आणि अशी घडी सैल राहते.

कंबरेचं कारण वेगळं. बरेच जण एक कोपरा इकडे, एक तिकडे असं करत पलंगाला चार-पाच फेऱ्या मारतात आणि प्रत्येक कोपऱ्याला कंबरेतून वाकतात. एका बाजूचे दोन्ही कोपरे पूर्ण करून मगच दुसऱ्या बाजूला जायचं. कोपऱ्याशी गुडघे वाकवून बसायचं, गादी फक्त हात जाईल इतकीच, तीन-चार इंच उचलायची आणि तळवा जमिनीकडे ठेवून खोचायचं. तळवा वर ठेवला की बोटांच्या मागच्या बाजूला पलंगाच्या प्लायवूडचे ओरखडे बसतात. आता दुखणं इतकं जुनं झालं असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, नुसत्या मलमावर काढू नका.

सांगलीत लग्नसराईला हॉटेलच्या चादरी हळदीने माखायच्या. साबण लावला की डाग लाल व्हायचा आणि आम्ही घाबरून आणखी साबण लावायचो. तो डाग खरंच निघतो का?
– एक वाचक, सांगली

निघतो. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेली हळद आपल्याच बाजारपेठेतली, तिचा रंग काही लेचापेचा नाही. पण त्याचे तीन कच्चे दुवे आहेत.

हळदीतलं कुर्क्युमिन आम्लात पिवळं राहतं आणि अल्कलीत लालसर होतं. धुण्याचा साबण आणि पावडर अल्कलीच. तेव्हा लाल झालेला डाग वाढलेला नसतो, त्याने फक्त रंग बदललेला असतो. लिंबू किंवा व्हिनेगर लावलं की पुन्हा पिवळा. दुसरं, ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतं; त्यामुळे नुसतं पाणी मारून चोळलं तर डाग पसरतो. तिसरं सगळ्यात कामाचं : ते उन्हाला टिकत नाही.

म्हणून सुकलेली हळद आधी चमच्याने किंवा कार्डाने खरवडून झटका. डागावर भांडी घासायचं लिक्विड थेंबभर लावा, बोटाने हलकं दाबा, पाच मिनिटांनी थंड पाण्याने मागच्या बाजूने धुवा. मग ऑक्सिजन ब्लीचच्या, म्हणजे सोडियम परकार्बोनेटच्या, साधारण 40 ते 60 अंशांच्या कोमट-गरम पाण्यात तासभर भिजवा. प्रमाण पाकिटावर दिलेलं असतं तेच घ्या. शेवटी चादर ओली असतानाच डागाची बाजू वर करून कडक उन्हात टाका. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात एका दुपारी फरक दिसतो. राहिलाच तर पुन्हा तेच. डाग पूर्ण जाईपर्यंत ड्रायर आणि इस्त्री मात्र नाही. पांढऱ्या सुती कापडावर शेवटचा उपाय म्हणून क्लोरीनचं ब्लीच चालतं, रेशमी किंवा लोकरी कापडावर अजिबात नाही.

मेंदीच्या डागाला हे लागू नाही. तो ताजा असताना गेला तर गेला; नाहीतर ती चादर बाजूला काढून कापून डस्टर करणंच परवडतं.

महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीचे आणि लाल मातीचे डाग एकाच टबात टाकून ब्लीच मारायचो. स्ट्रॉबेरी जायची, माती आणखी पक्की व्हायची. असं का?
– एक वाचक, मेढा

कारण दोघांचे स्वभाव उलटे. स्ट्रॉबेरी-तुतीचा रंग वनस्पतीचा. ब्लीच त्याला तोडतं. महाबळेश्वरची माती जांभ्याची, तिचा लाल रंग लोखंडाच्या गंजाचा. क्लोरीन ब्लीच गंज काढत नाही, उलट कापडात बसवतं.

मातीचा डाग आधी पूर्ण वाळू द्यायचा. ओला चोळला की बारीक कण धाग्यांत शिरतात. वाळला की ब्रशने झाडायचा, मग साध्या पावडरने धुवायचं. तरी तांबूस छटा राहिली तर लाँड्रीतलं गंजाच्या डागाचं औषध वापरायचं. त्यात बहुधा ऑक्झॅलिक ॲसिड असतं, ते विषारी आहे. हातमोजे हवेतच आणि कापड नंतर भरपूर पाण्यात खळबळायला हवं. फळाच्या डागावर थंड पाणी मागच्या बाजूने सोडा, थोडं व्हिनेगर लावा, मग ऑक्सिजन ब्लीच. तिथेही साबण आधी लावला की डाग निळसर-करडा होतो. फळांचा रंगही आम्ल-अल्कलीप्रमाणे बदलतो. थोडक्यात, चेकआउटचे टॉवेल गोळा करतानाच दोन वेगळ्या पिशव्या हव्यात. टबापाशी निवडायला कुणाला वेळ नसतो.

पाहुण्याच्या वापरलेल्या टॉवेलने आम्ही आरसा आणि ग्लास पुसायचो. टॉवेल तसाही धुवायलाच जायचा. यात एवढं काय?
– एक वाचक, सातारा

ग्लास पुसणं कुठल्याही कारणाने क्षम्य नाही. ग्लास गरम पाण्यात धुऊन स्वतंत्र स्वच्छ कापडानेच कोरडे करायचे. आरशाला टॉवेलचे तंतू चिकटतात, रसायनाने टॉवेलवर फिक्के ठिपके पडतात आणि तो टॉवेल दोन वर्षांऐवजी सहा महिन्यांत बाद होतो. फडक्यांचे रंग यासाठीच असतात : लाल कमोडला, पिवळं बेसिन-शॉवरला, निळं खोलीतल्या फर्निचरला, हिरवं खाण्यापिण्याच्या जागेला. काही हॉटेलांत रंग वेगळे असतात, म्हणून पहिल्या दिवशी तक्ता विचारून घ्यावा.

मिरजेच्या लॉजवर बेसिनचे पांढरे डाग काढायला ॲसिड मारलं आणि बेसिनखालचा कडप्पाच पांढरा पडला. पगारातून पैसे कापले गेले. दुसऱ्या एका वेळी बाथरूममध्ये ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. ॲसिड वाईट होतं का?
– एक वाचक, मिरज

ॲसिड चांगलंच होतं, जागा चुकली. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड ते विरघळवतं. कडप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे दगडही मुळात कॅल्शियम कार्बोनेटच. ॲसिडला डाग कुठला आणि दगड कुठला हे कळत नाही. ते दोन्ही खातं. पांढरा पडलेला भाग हा डाग नाही, दगडाची गेलेली पॉलिश आहे. पुन्हा घासून पॉलिश केल्याशिवाय ती येत नाही, म्हणून त्यावर आणखी काही लावत बसू नये. ग्रॅनाइट आणि चिनी मातीवर सौम्य आम्ल चालतं. स्टीलच्या आणि क्रोमच्या नळांवर लावलं तर दोन मिनिटांत धुऊन टाकायचं, नाहीतर चट्टे येतात. नळाचा डाग काढायला टिश्यू सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून नळापुरता गुंडाळायचा. ओघळ दगडावर जात नाही. आणि खरं औषध म्हणजे रोज बेसिन कोरडं पुसणं. पाणी सुकू दिलं नाही तर डाग होणारच नाही.

ठसक्याची गोष्ट जास्त गंभीर आहे. कमोडच्या क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्यावर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी पडलं की क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही एकत्र मारल्यावर ‘जास्त स्वच्छ’ होईल, या समजुतीने हे सर्रास होतं. खिडकी नसलेल्या लहान बाथरूममध्ये ते जिवावर बेतू शकतं. असं झालं तर लगेच बाहेर पडा, दार-खिडक्या उघड्या ठेवा, धुवायला परत आत जाऊ नका. खोकला, छातीत जळजळ राहिली तर डॉक्टरांकडे जा आणि काय मिसळलं ते सांगा. काचेच्या अमोनियावाल्या क्लीनरचंही ब्लीचशी पटत नाही.

बाटल्यांवर आर-1, आर-2 असे आकडे दिसायचे, तेही आठवत असतील. टास्की या कंपनीच्या सफाई-रसायनांच्या मालिकेत आर-1 बाथरूमचं, आर-2 फरशी आणि इतर पृष्ठभागांचं, आर-3 काचेचं, आर-4 फर्निचर पॉलिश, आर-5 सुगंधी फवारा, आर-6 कमोडचं. काच आणि फर्निचर यांच्या बाटल्या बदलल्या तर आरशावर तेलकट धुकं बसतं. पुसाल तितकं फिरतं. आणि रसायन पातळ करताना पाणी आधी, रसायन नंतर. उलट केलं की फेस वर येतो, मापाचा अंदाज जातो आणि शिंतोडे डोळ्यांत उडतात.

पावसाळ्यात आमच्याकडचे धुतलेले टॉवेलही कुबट यायचे. सॉफ्टनर दुप्पट करूनही वास जायचा नाही.
– एक वाचक, पाचगणी

सॉफ्टनर बंद करा. तो धाग्यांवर थर बसवतो, टॉवेल पाणी कमी शोषतो आणि वाळतोही हळू. वास जंतूंचा आहे आणि जंतू ओलसरपणावर वाढतात. 60 अंशांच्या पाण्यात धुणं, मशिनमधून निघाल्याबरोबर पसरणं आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी न घालणं, एवढंच करायचं. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर कपडा दोरीवर दोन-दोन दिवस ओला राहतो. म्हणून एक संच खोलीत, एक लाँड्रीत, एक कपाटात हा तीन संचांचा नेहमीचा हिशेब इथे पुरत नाही. चौथा संच लागतोच. मालक तो घेत नसेल तर कुबट वासाचा दोष रूमबॉयचा नाही.

चेकआउटच्या खोलीत उशीखाली पाचशेची नोट सापडली होती. टिप समजून ठेवली. अजून टोचते.
– एक वाचक, विटा

उशीखालचं टिप नसतं. टिप दिसेल अशी ठेवतात : उशीवर, टेबलावर, चिठ्ठीसह. त्यातही पाहुणा अजून राहत असेल तर टेबलावरच्या पैशांनाही हात लावायचा नाही, ते त्याचेच. सापडलेली वस्तू जागेवरूनच फोन करून कळवायची, सुपरवायझरसमोर मोजायची आणि खोली क्रमांक, वेळ, नेमकी जागा, सापडवणाऱ्याचं नाव नोंदवून सही घ्यायची. ही नोंद पाहुण्यापेक्षा तुमच्या बचावासाठी असते. अनेक हॉटेलांत वस्तू तीन महिने ठेवून, कुणी मागितली नाही तर सापडवणाऱ्याला देण्याचा नियम असतो. त्या हॉटेलचा काय होता ते आता शोधत बसू नका.

राहत्या पाहुण्याने दार लावून घेतलं आणि अंगलट आला. मी सटकले. मॅनेजर म्हणाले, ‘गेस्ट आहे, सोडून दे.’ तेव्हा काही करता आलं असतं का?
– नाव-गाव न छापण्याची विनंती

हो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या विरोधातला 2013 चा कायदा फक्त सहकाऱ्यांपुरता नाही. कामावर ज्यांच्याशी संबंध येतो अशा बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षित वातावरण देणं हे मालकाचं कर्तव्य त्यात लिहिलेलं आहे. दहा किंवा जास्त कामगार असतील तर हॉटेलात अंतर्गत समिती असायलाच हवी. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करता येते. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची, कारण पटल्यास समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. ‘सोडून दे’ म्हणणाऱ्या मॅनेजरनं कायद्याच्या दृष्टीनेही चूकच केली.

आज जे हे काम करत आहेत त्यांच्यासाठी : पाहुणा आत असेल तर खोली करू नका, ‘नंतर येते’ म्हणा. करावीच लागली तर दार सताड उघडं आणि ट्रॉली दारात आडवी नको, बाहेर भिंतीला लावून. तुमचा रस्ता मोकळा हवा. रिकाम्या खोलीत मात्र ट्रॉली दारातच आडवी हवी, म्हणजे बाहेरचं कुणी न कळत आत येत नाही. पाहुण्याने आतून दार लावलं तर काम तिथेच टाकून बाहेर पडायचं, कारण नंतर सांगायचं.

दोन वर्षं रूमवर काम केलं, अनुभवाचं पत्र मिळालं नाही. आता मिरजेच्या एका हॉस्पिटलमध्ये हाऊसकीपिंग सुपरवायझरची जागा आहे. त्या दोन वर्षांचा काही उपयोग?
– एक वाचक, तासगाव

आहे. पीएफ कापला जात असेल तर यूएएन, म्हणजे पीएफ खात्याच्या कायमच्या नंबरने ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या, साइटवर नोकरीचा तपशील काढा. त्यात मालकाचं नाव आणि नोकरीचा काळ दिसतो. पत्र नसलं तरी तो पुरावा आहे. अर्जात ‘साफसफाई’ एवढंच लिहू नका. रोज किती खोल्या, चेकआउट किती, लिननची, म्हणजे चादरी-टॉवेलांची, मोजणी, स्टोअरची नोंद, नव्या मुलांना शिकवलं असेल तर तेही लिहा. आधी केलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही सरकारी कौशल्य विकास योजनेत असते, जवळच्या केंद्रात चौकशी करा.

मुलाखतीआधी एक गोष्ट मात्र नव्याने शिकून जा. हॉस्पिटलमध्ये 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिशव्या-डब्यांचे रंग ठरलेले आहेत : पिवळ्यात रक्त-पू लागलेलं ड्रेसिंग, लालमध्ये सलाइनच्या नळ्यांसारखं प्लास्टिक, सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात सुया-ब्लेड, निळ्यात काच. हॉटेलातलं लाल म्हणजे कमोडचं फडकं, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तिथे लाल पिशवी दिसली की हात सवयीने भलतंच करतो, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा हाच येतो.